पोर्क रिब्सचा स्ट्यू पहिल्यांदा घरी करताना

मटण उत्तम करता येतं म्हणून पोर्कही जमेल असं नाही. हे मला फातिमानगरला भाड्यानं राहत होतो तेव्हा कळलं. एका रविवारी हौसेनं किलोभर रिब्स आणल्या आणि घरी मटणाचा रस्सा करतात तसाच घाट घातला. चार पळ्या तेल, कांदा-खोबऱ्याचं वाटण, वर कांदा-लसूण मसाला आणि कुकरच्या सहा शिट्ट्या. झाकण काढलं तर वर बोटभर तेल तरंगतंय, मांस हाडावरून सुटून तळाशी चोथा झालेलं आणि चव सगळी मसाल्याची. तरी वाटीभर खालच्या मजल्यावर घरमालकीण आंटींना नेऊन दिलं. त्या मूळच्या गोव्याच्या. एक घास खाऊन म्हणाल्या, "अरे बाबा, हे मटणच केलंस तू. डुकराला इतकं मारायचं नसतं, तो आधीच मेलेला असतो."

मग पुढची दोन वर्षं त्यांच्या ओट्याशी उभं राहून बरंच शिकलो, आणि त्यानंतर माझ्या हातानं बरंच बिघडवलं. मटण-चिकन सराईतपणे करणाऱ्या, पण पोर्क फक्त बाहेर किंवा मित्राकडे खाल्लेल्या मंडळींसाठी हे लिहितोय. पदार्थ आंटींचा नाही. त्यांचं विंदालू आणि सोरपोतेल ही वेगळी प्रकरणं आहेत, नवशिक्यानं तिथून सुरुवात करू नये. हा साधा स्ट्यू आहे: रिब्स, घेवडा, बटाटा, गाजर, कोबी, सगळं एकाच पातेल्यात. आपल्या रश्शाहून सौम्य, सुपाहून दाट. मसाला यात नावालाच. सगळी मेख कुठली गोष्ट कधी पडते यात आहे.

खरेदी

पुण्यात पोर्क घ्यायचं म्हटलं की पाय कॅम्पाकडे वळतात, आणि त्यात नवल नाही. क्वार्टर गेटजवळचं सिटी चर्च १७९२ साली सवाई माधवराव पेशव्यांनी दिलेल्या जागेवर उभं राहिलं, ते पेशव्यांच्या फौजेतल्या गोव्याच्या ख्रिस्ती लोकांसाठी. इंग्रजांची छावणी त्यानंतरची. म्हणजे "हे आपल्या पुण्यातलं नव्हे" असं कुणी म्हणालं तर सव्वादोनशे वर्षांचा हिशेब दाखवता येतो. आज कॅम्प, फातिमानगर, वानवडी या पट्ट्यात पोर्कची दुकानं आणि कोल्ड स्टोरेज आहेत. शहराच्या दुसऱ्या टोकाला राहत असाल तर मोठ्या दुकानांत गोठवलेली पाकिटं मिळतात. ती चालतात, फक्त आदल्या दिवशी फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवून सावकाश सुटू द्या. ओट्यावर उघडं ठेवून किंवा गरम पाण्यात बुडवून नको.

नुसतं "रिब्स द्या" म्हटलंत तर हाताला येईल ते मिळेल. मटणवाल्याकडे आपण ज्याला चाप म्हणतो त्याच जागेचं हे मांस, पण डुकराचं धड मोठं असल्यानं त्यात सरळ दोन प्रकार पडतात. पाठीच्या कण्यालगतच्या बरगड्या आखूड, बाकदार आणि कमी चरबीच्या असतात. ओव्हनमध्ये किंवा तव्यावर त्या छान लागतात, पातेल्यात दोन तास ठेवल्या की कोरड्या पडतात. आपल्याला हव्यात पोटाकडच्या. त्या रुंद आणि चपट्या असतात, हाडांच्या मधे मांस आणि चरबीचे पदर दिसतात. दुकानात त्यांना स्पेअर रिब्स म्हणतात. चार जणांना एक किलो लागतं, कारण वजनात हाड बरंच असतं. वरचा चरबीचा थर अर्ध्या बोटाहून जाड असेल तर तिथेच थोडा उतरवून घ्या.

मांस गुलाबी ते फिकट लाल असावं, करडं नको. चरबी पांढरी आणि बोटानं दाबली तर घट्ट लागली पाहिजे. हाताला चिकट लागलं किंवा आंबूस वास आला तर घेऊ नका, दुकानदार कितीही ओळखीचा असो.

आता एक बारीक काम, जे बहुतेक जण सोडून देतात. बरगड्यांच्या आतल्या बाजूला, हाडाला लागून, कांद्याच्या पापुद्र्यासारखा पांढुरका पडदा असतो. तो कितीही शिजवला तरी विरघळत नाही, दातात रबरासारखा येतो. एका कोपऱ्यात सुरीचं टोक किंवा चमच्याची दांडी घालून तो सुटा करायचा, कोरड्या फडक्यानं धरायचा (नुसत्या बोटांतून निसटतो) आणि एका दमात ओढायचा. जमलं तर अख्ख्या पट्टीचा एकदम निघतो. म्हणून तुकडे करायच्या आधीच दुकानदाराला काढायला सांगा, नाहीतर घरी येऊन वीस तुकड्यांचे वीस पापुद्रे ओढत बसाल. पडदा निघाला की दोन बरगड्यांच्या मधून उभे काप आणि मग आडवे, अडीच-तीन इंचांचे तुकडे. करवतीच्या मशीनवर कापलं तर उत्तम. सत्तुरानं तोडलं तर हाडाच्या कपच्या उडतात, त्या घरी एकेक तुकडा बोटानं चाचपून काढा. एकदा पाहुण्यांच्या दातात गेली की तुमच्या स्ट्यूची आठवण वेगळ्याच कारणानं निघते.

"त्यात किडे असतात ना?"

हा प्रश्न येणारच. बहुधा सासूबाई किंवा मोठी काकू विचारेल, त्यामुळे उत्तर तयार ठेवा. भीती निराधार नाही. डुकराच्या मांसात टीनिया सोलियम नावाच्या फीतकृमीच्या अळ्या असू शकतात. त्या साबुदाण्याच्या बारीक दाण्यासारख्या, पांढुरक्या, पाणी भरलेल्या फुगीर पुटकुळ्यांसारख्या मांसात दिसतात. तसं काही दिसलं तर मांस परत करा. म्हणूनच उघड्यावर चरणाऱ्या डुकराचं मांस कुणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नये आणि तपासणी झालेला माल ठेवणाऱ्या दुकानातूनच घ्यावं.

शिजवण्यानं या अळ्या मरतात. पोर्कचा अखंड तुकडा आतून ६३ अंश सेल्सिअसला पोचून तीन मिनिटं थांबला की तो खायला सुरक्षित धरतात. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे आपल्याकडे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. आपला स्ट्यू त्याच्या जवळपास दोन तास असतो. तिथे काही वाचत नाही.

गंमत अशी की ज्या आजाराला लोक सगळ्यात घाबरतात, मेंदूत गाठी होण्याच्या, तो थेट पोर्क खाल्ल्यानं होत नाही. तो या कृमीची अंडी पोटात गेल्यानं होतो, आणि अंडी येतात कृमी झालेल्या माणसाच्या विष्ठेतून: न धुतलेल्या हातांवरून, घाण पाण्यावर वाढलेल्या कच्च्या भाजीवरून. आयुष्यात पोर्कला हात न लावलेल्या शाकाहारी माणसालाही तो होऊ शकतो. तेव्हा वरून भुरभुरायची कोथिंबीर नीट धुवा. कच्च्या मांसाची सुरी आणि पाट वेगळा ठेवा, हात साबणानं धुवा. घरात इतर कुणाला चालत नसेल तर पातेलंही वेगळं ठेवा. त्यावर वाद घालण्यापेक्षा एक पातेलं स्वस्त पडतं.

काय काय लागेल

एक किलो रिब्स. एक वाटी घेवडा. माझं आजोळ कोरेगावचं, त्यामुळे माझ्याकडे वाघ्या घेवडाच असतो, अंगावर लालसर पट्टे असलेला. कोरेगावच्या या घेवड्याला भौगोलिक मानांकनही आहे. तो नसेल तर राजमा किंवा पांढरी चवळी घ्या. तीन मध्यम कांदे जाड उभे चिरून. लसणाच्या बारा-पंधरा पाकळ्या, सोललेल्या पण अख्ख्या. आल्याचा इंचभर तुकडा, ठेचून. तीन केशरी गाजरं, मोठ्या तुकड्यांत. हिवाळ्यातलं लाल गाजर गोड असतं खरं, पण यात विरघळून जातं. चार बटाटे, प्रत्येकाचे चार तुकडे. पाव कोबी, जाड फाकी. तीन टोमॅटो. पाच-सहा आमसुलं.

मसाल्यात वीसेक काळ्या मिऱ्या, अर्धवट कुटलेल्या, दोन तमालपत्रं, दोन लवंगा, बोटाच्या पेराएवढी दालचिनी, तीन ब्याडगी मिरच्या बिया काढून. आणि चिमूटभर ओवा. परदेशी पाककृतींत इथे थाइमची पानं असतात. थाइमला जो वास येतो तो थायमॉलचा, आणि आपल्या ओव्यात तोच भरपूर असतो. चिमूट म्हणजे चिमूटच. अर्धा चमचा घातलात तर पोट बिघडल्यावरचा काढा होईल.

गरम मसाला नको. गोडा मसाला तर नकोच. मोह होईल, आवरा.

पातेलं जाड बुडाचं आणि पाच लिटरचं तरी असावं. आमसूल-टोमॅटोमुळे स्टीलचं किंवा इनॅमलचा मुलामा असलेलं बरं. उघड्या बीडाच्या किंवा ॲल्युमिनियमच्या भांड्यात आंबट पदार्थ दोन तास ठेवला तर चवीला धातूचा पुट चढतो. मोठ्या स्टीलच्या कुकरचं भांडं, झाकणाशिवाय, उत्तम चालतं. माझं तेच आहे.

आदल्या रात्री

रिब्स नळाच्या बारीक धारेखाली धुवा, फडक्यानं किंवा टिशूनं टिपून खरोखर कोरड्या करा. दोन छोटे चमचे मीठ आणि निम्मी मिरी सगळीकडे चोळा. ताटात एका थरात मांडून फ्रीजमध्ये, न झाकता, तळच्या कप्प्यात ठेवा. रात्रभरात मीठ आत मुरतं आणि वरची बाजू सुकते. हळद, दही, आलं-लसूण पेस्ट यातलं काही लावायचं नाही. फ्रीजमध्ये उघडं मांस पाहून घरात कुणी ओरडलं तर वर सैलसर जाळीचं झाकण टाका.

घेवडा भरपूर पाण्यात भिजवा, आठ तास तरी. आणि इथेच पाण्याबद्दल सांगून टाकतो. आमच्या आत्ताच्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकर येतो. टँकरच्या, बोअरच्या जड पाण्यात डाळ शिजत नाही हे या शहरातल्या निम्म्या घरांना माहीत आहे, पण स्ट्यू करताना मी ते सोयीस्करपणे विसरलो. त्यातला कॅल्शियम दाण्याच्या सालीशी जुळून तिला मऊ होऊ देत नाही. तीन तासांनंतर मांस हाडावरून गळायला आलं होतं आणि घेवडा दाताखाली खड्यासारखा कडकड वाजत होता. पाहुणे सभ्य होते, त्यांनी दाणे ताटाच्या कडेला लावून ठेवले. तेव्हापासून भिजवायला आणि शिजवायला दोन्हीकडे फिल्टरचं पाणी. नळाला महापालिकेचं पाणी येत असेल तर तुम्हाला ही कटकट नाही.

चुलीवर

रिब्स फ्रीजमधून काढून अर्धा तास बाहेर ठेवा. पातेलं मध्यम आचेवर चांगलं तापवा आणि एक चमचा तेल फिरवा. एकच. पुढचं तेल रिब्स स्वतः देतील. चरबीची बाजू खाली येईल असे पाच-सहा तुकडे ठेवा, एकमेकांना न चिकटता. आणि मग हात मागे घ्या. आपल्याला मटण सतत परतायची सवय असते, इथे ती मोडायची आहे. तुकडा भांड्याला चिकटलेला वाटला तर ओढू नका, तो खालून भाजला गेला की आपोआप सुटतो. चार-पाच मिनिटांत पहिला ओला चरचराट ओसरतो, आवाज बारीक होतो आणि वास बदलतो: मांसाचा वास जाऊन भाजलेल्या शेंगदाण्याच्या जवळचा काहीतरी येतो. तेव्हा उलटा. रंग पोळीवरच्या डागांइतका गडद हवा. पिवळट पांढरा म्हणजे झालेलं नाही.

एकदम सगळा किलो टाकलात तर भांडं थंड पडतं, मांसाला पाणी सुटतं आणि ते स्वतःच्याच पाण्यात उकडतं. म्हणून तीन घाण्यांत करा, वीस-पंचवीस मिनिटं गेली तर जाऊ द्या. सबंध स्ट्यूची चव इथे ठरते. नंतर काही घालून ती येत नाही.

तुकडे ताटात काढा. पातेल्यात आता पाव वाटीच्या वर चरबी उतरलेली असेल. दोन मोठे चमचे ठेवून बाकीची स्टीलच्या वाटीत ओतून घ्या. बुडाला तपकिरी खरवड धरलेली असेल ती घासू नका, ती हवी आहे. काळी पडली असेल तर मात्र पातेलं धुवून दोन चमचे चरबीवर पुढचं काम करा, जळकटपणा सगळ्यात उतरतो.

आच कमी करा. त्याच चरबीत तमालपत्र, लवंग, दालचिनी, मग कांदा आणि चिमूटभर मीठ. कांद्याला पाणी सुटलं की लाकडी उलथन्यानं बुडाची खरवड सोडवत जा, कांदा तिचा रंग घेईल. आपल्याकडे रश्शाला कांदा तांबूस करतात, इथे पारदर्शक आणि कडेनं सोनेरी झाला की पुरे. मग लसूण, आलं, ब्याडगी, ओवा, उरलेली मिरी. मिनिटभर.

आता रिब्स परत पातेल्यात, ताटात सांडलेल्या रसासकट. भिजवलेलं पाणी टाकून घेवडा निथळा आणि घाला. सव्वा लिटर गरम पाणी ओता. सगळं जेमतेम बुडलं पाहिजे, पोहायला नको.

आच मोठी करा आणि पूर्ण दहा मिनिटं खळखळ उकळू द्या. हे टाळू नका. राजमा-घेवडा वर्गातल्या कच्च्या दाण्यांत फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं प्रथिन असतं. अर्धकच्चे दाणे खाल्ले तर त्यानं उलट्या-जुलाब होतात. सडकून उकळलं की ते निकामी होतं. मंद आचेवर नुसतं गरम राहिलं तर होत नाही, आणि म्हणूनच विजेच्या स्लो कुकरमध्ये थेट राजमा टाकणारे फसतात. या दहा मिनिटांत वर करडा फेस येईल, तो पळीनं काढून टाका.

मग गॅस छोट्या बर्नरवर, अगदी बारीक. आणि झाकणाऐवजी आपली जुनी युक्ती: पातेल्यावर बसेल अशी खोलगट ताटली ठेवा आणि तिच्यात पाणी ओता. गावाकडे मटण असंच शिजवतात. खालची वाफ थंड ताटलीला लागून परत थेंबाथेंबानं आत पडते, मांस कोरडं पडत नाही, आणि वरचं पाणी कोमट-गरम होत राहतं. रस आटला तर तेच आत ओतायचं. वरून गार पाणी कधीही नाही.

ताटली उचलून एकदा आत बघा. पृष्ठभाग जवळजवळ शांत हवा. कडेला कुठेतरी एक बुडबुडा येतो, फुटतो, मग दोन सेकंदांनी दुसरीकडे एक. वरण उकळतं तसं उकळत असेल तर आच जास्त आहे. गॅस याहून बारीक होत नसेल तर पातेल्याखाली तवा सरकवा.

पाऊण तासाची भीती

साधारण पाऊण तासानं तुम्ही एक तुकडा काढून चाखाल. तो वातड असेल. सुरुवातीला होता त्याहून वातड. इथे शंभरातले नव्वद नवशिके (मीही त्यातलाच) घाबरतात आणि कुकरचं झाकण शोधायला लागतात.

काही बिघडलेलं नसतं. मांस तापलं की त्याचे धागे आवळतात आणि पाणी बाहेर टाकतात, ते पहिल्या अर्ध्या-पाऊण तासातच होऊन जातं. मांसाला बांधून ठेवणारे पांढरे चिवट पदर, म्हणजे कोलॅजन, विरघळायला मात्र खूप वेळ घेतात. ते वितळून त्यांचं जिलेटिन होतं, पायाच्या सुपात ओठ चिकटतात ना, तेच. आवळलेल्या धाग्यांमध्ये ते उतरलं की मांस मऊ लागतं. मधला अर्धा-पाऊण तास मात्र धागे आवळलेले आणि पदर न वितळलेले अशी दोन्हीकडून गोची असते. वाट बघा. पुस्तक वाचा, भाज्या चिरा, ताटलीतलं पाणी बघा.

दीड तासानं घेवड्याचा एक दाणा बोटात दाबा. साल न फुटता आत पीठ झालं असेल तर वेळ झाली. बटाटे आणि गाजर घाला, रस कमी वाटला तर ताटलीतलं पाणी. वीसेक मिनिटांनी बटाट्यात सुरी सहज शिरली पाहिजे.

तोवर आंबट काहीही पातेल्यात गेलेलं नाही, हे लक्षात आलं असेल. टोमॅटो, आमसूल, व्हिनेगर, लिंबू यांच्या आम्लामुळे कडधान्याची साल आणि बटाटा दोन्ही मऊ व्हायचे थांबतात. पहिल्या मिनिटाला कांद्याबरोबर टोमॅटो परतायची आपली सवय इथे नडते. म्हणून बटाटा शिजल्याची खात्री झाल्यावरच चिरलेले टोमॅटो, धुतलेली आमसुलं आणि कोबीच्या फाकी घाला आणि पंधरा मिनिटं तशाच मंद आचेवर ठेवा.

पोर्कला आंबट लागतंच, चरबी त्यानं कापली जाते. गोव्यात ताडीचं व्हिनेगर वापरतात, कूर्गच्या पंदी करीत कचमपुळी. ती कचमपुळी आमसुलाच्या कुळातल्याच एका फळाचा आटवलेला रस असते, तेव्हा डुकराशी आमसूल जमेल का ही शंका मनात आणू नका. कुणालाच विचारू नका, घाला. आमसूल नसेल तर दोन चमचे व्हिनेगर, तेही याच टप्प्यावर.

झालंय की नाही हे घड्याळानं ठरवू नका. हाडाचं टोक बघा: मांस आक्रसून मागे सरकलेलं असतं आणि पेरभर हाड उघडं पडलेलं असतं. ते टोक चिमट्यानं धरून हलकेच पिरगळा. हाड फिरलं पण मांस तसंच राहिलं तर गॅस बंद करायची वेळ आली. हाड उचलल्यावर मांस खाली गळून पडलं तर थोडं पुढे गेलंय, तरी चालेल. मला व्यक्तिशः किंचित धरून ठेवणारं आवडतं, बरगडी हातात घेऊन खाता आली पाहिजे.

शेवटी पळीच्या पाठीनं पातेल्याच्या कडेला घेवड्याचे चार-पाच चमचे आणि बटाट्याचे एक-दोन तुकडे चेचून रसात मिसळा. दाटपणा येतो, कॉर्नफ्लॉवर लागत नाही. मग चव घ्या आणि आता मीठ घाला. आमसुलालाही मीठ असतं, म्हणून ते शेवटी. गॅस बंद करून अर्धा तास तसंच झाकून ठेवा. चरबी वर येईल, ती पळीनं काढा. सगळी काढू नका.

वेळच नसेल तर कुकर

ओव्याच्या टप्प्यापर्यंत सगळं तसंच करा. मग रिब्स, घेवडा, गरम पाणी, आणि उघड्यावर दहा मिनिटांची उकळी. झाकण लावा, पहिली शिट्टी आली की आच बारीक करून वीस मिनिटं. शिट्ट्या मोजायचा इथे उपयोग नाही. मोठ्या आचेवरच्या सहा शिट्ट्या आणि बारीक आचेवरची वीस मिनिटं यात मांसाला फार फरक पडतो. कुकरमध्ये तापमान १२० अंशांच्या आसपास जातं, त्यामुळे पाच मिनिटंही इकडेतिकडे झाली तर चोथा. वाफ आपोआप जिरू द्या, शिट्टी उचलून दाब सोडू नका. कडधान्य असल्यानं कुकर अर्ध्याहून जास्त भरू नका, फेस शिट्टीच्या भोकात अडकतो. झाकण उघडल्यावर भाज्या आणि आंबट वरच्याच क्रमानं, उघड्या भांड्यात. चव ऐंशी टक्के येते. रस मात्र गढूळ होतो, कारण जोरानं उकळताना चरबी त्यात फेटली जाते.

वाढणी, उरलेलं आणि ती वाटीतली चरबी

कडक पाव उत्तम. ज्वारीची भाकरी त्याहून उत्तम, रसात कुस्करून. कच्चा कांदा, लिंबू, धुतलेली कोथिंबीर. पाहुण्यांना आधी स्पष्ट सांगा की हे पोर्क आहे. कोण काय खातं हे गृहीत धरायचं नसतं, आणि "चिकन समजून खा" हा विनोद तर कधीच करायचा नसतो.

खरं सांगायचं तर हा स्ट्यू दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागतो, त्यामुळे पाहुणे रविवारी येणार असतील तर शनिवारी करा. पण पातेलं रात्रभर ओट्यावर ठेवू नका. गॅस बंद केल्यापासून दोन तासांत तो फ्रीजमध्ये गेला पाहिजे, एप्रिल-मेच्या उकाड्यात एका तासात. पाच लिटरचं गरम पातेलं लवकर निवत नाही, म्हणून परातीत गार पाणी आणि बर्फ घालून त्यात ते बसवा आणि मधूनमधून ढवळा. मग उथळ डब्यांत भरा. तीन दिवस टिकतो. गरम करताना लागेल तेवढाच काढा आणि पूर्ण उकळी आणा.

सकाळी डबा उघडलात की वर डालड्यासारखा पांढरा थर आणि खाली थरथरणारी जेली दिसेल. घाबरू नका, जेली म्हणजे तेच जिलेटिन, गरम केल्यावर परत रस्सा होईल. पांढरा थर चमच्यानं निघतो. तो आणि पहिल्या दिवशी वाटीत काढलेली चरबी एकत्र मंद गरम करा, गाळा आणि काचेच्या बाटलीत भरून फ्रीजमध्ये ठेवा. बटाट्याच्या काचऱ्या एकदा यात करून बघा. सिंकमध्ये मात्र ही चरबी अजिबात ओतू नका. गरम असताना ती पाण्यासारखी वाहते, पुढे पाइपात जाऊन मेणासारखी गोठते, आणि डिसेंबरात प्लंबरला बोलावल्यावर तो काय काढून दाखवतो ते मी पाहिलंय. नको असेल तर गोठवून, कागदात गुंडाळून ओल्या कचऱ्यात.

तिसऱ्या दिवशी तळाला बहुधा मांस संपलेलं आणि रस्सा-घेवडा उरलेला असतो. हाडं आणि तमालपत्रं वेचून काढा, त्यात दुप्पट पाणी घालून उकळी आणा आणि वाटीभर इंद्रायणी धुवून त्यातच शिजवा, जरा आसटच. मीठ घालू नका, आधीच आहे.